दात येणाऱ्या बाळाच्या गळ्यातील अंबरमाळ: ती कशी उतरवावी आणि मग काय करावे

गणपतीसाठी मुंबईहून देवगडला आलेल्या माझ्या सात महिन्यांच्या नातवाच्या गळ्यात मधाच्या रंगाच्या, वाटाण्याहून लहान मण्यांची एक माळ होती. सूनबाईंच्या जर्मनीतल्या बहिणीने ती मोठ्या हौसेने पाठवली होती. माळेचे मणी अंगाला लागून राहिले की दात येतानाची ठणक कमी होते, असे सोबतच्या चिठ्ठीत छापलेले होते. तिसऱ्या दिवशी दुपारी बाळ झोळीत निजले असताना मी सहज डोकावले, तर माळेचा एक पदर झोळीच्या दोरीच्या गाठीत अडकला होता आणि बाळाने कूस बदलल्यामुळे उरलेली माळ मानेवर ताणली गेली होती. बाळ शांत झोपलेले होते. मानेवर एक बारीक लाल रेघ तेवढी उमटली होती. माळ मी तेव्हाच काढली. नंतर घरात जी चर्चा झाली आणि त्या निमित्ताने जे वाचले, विचारले, पडताळले, ते ज्यांच्या घरी अशी माळ आली आहे किंवा येऊ घातली आहे त्यांच्यासाठी येथे लिहीत आहे.

प्रथम नावाचा घोळ मिटवणे आवश्यक आहे. आपल्या किनाऱ्यावर ‘अंबर’ म्हटले की लोकांना व्हेल माशाची उलटी आठवते, जिच्या तस्करीच्या बातम्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात अधूनमधून येत असतात आणि जी बाळगणे वा विकणे हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. माळेतला अंबर हा तो नव्हे. हा म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या झाडांची जमिनीत गाडली जाऊन दगडासारखी झालेली राळ होय. जुन्या मराठीत त्याला तृणमणी म्हणत, कारण लोकरीवर घासला की तो गवताच्या बारीक काड्या ओढून घेतो. बाळांच्या माळांसाठी वापरला जाणारा अंबर बहुधा युरोपातील बाल्टिक समुद्राच्या किनाऱ्यावरचा, म्हणजे लिथुआनिया, पोलंड, कॅलिनिनग्राड या भागातला असतो. तेथे वादळानंतर तो वाळूवर वाहून येतो.

आता दाव्याकडे वळू. बाल्टिक अंबरात सक्सिनिक आम्ल नावाचा पदार्थ खरोखरच असतो; साधारण 3 ते 8 टक्के. अंगाच्या उबेने हे आम्ल मण्यातून सुटते, कातडीतून रक्तात जाते आणि हिरड्यांची वेदना व सूज कमी करते, असे विक्रेते सांगतात. यातील पहिलीच पायरी डळमळीत आहे. अंबर नरम पडायलाच सुमारे 150 अंश सेल्सिअस तापमान लागते, तर बाळाच्या कातडीचे तापमान 34-35 अंशांच्या आसपास असते. आपण तिन्हीसांजेला जो धूप घालतो तीही झाडाची राळच असते आणि निखाऱ्यावर पडल्याशिवाय ती धूर सोडत नाही. वर्षभर डब्यात ठेवली तरी तशीच राहते. लाखो वर्षे समुद्राच्या पाण्यात आणि मातीत राहूनही ज्या पदार्थाने आपले आम्ल सोडले नाही, तो बाळाच्या मानेवर चार आठवड्यांत ते सोडेल, हे मानणे कठीण आहे. ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हेच तपासले गेले, आणि मण्यांतून हे आम्ल माणसाच्या त्वचेत उतरू शकते असा पुरावा मिळाला नाही. शिवाय, समजा ते उतरले असते, तर किती उतरले हे कोणी मोजले असते? मात्रा न मोजता कोणतेही औषध सात महिन्यांच्या बाळाच्या रक्तात जाऊ देण्यास आपण एरवी तयार होत नाही.

मग ‘आमच्या बाळाला गुण आला’ असे सांगणाऱ्या आया खोटे बोलतात काय? मुळीच नाही. दात हिरडीतून वर येण्यापूर्वीचे सुमारे चार दिवस, तो दिवस आणि नंतरचे तीन दिवस, असा साधारण आठवड्याभराचा काळ चिडचिडीचा असतो, आणि त्यानंतर ती आपोआप ओसरते. माळ आणली जाते ती बाळ सर्वांत जास्त रडत असते तेव्हा, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी जे व्हायचेच होते त्याचे श्रेय माळेला मिळते. दात येतानाची दुखणी दात आल्यावर स्वतःहून शमतात, तेव्हा त्यांच्यापायी बाळाला फार जाच करू नये, असे वाग्भटाचार्यांनी फार पूर्वीच सांगून ठेवले आहे. आपल्याकडच्या किती वैद्यांनी आणि आज्यांनी ते मनावर घेतले, हा प्रश्न निराळा.

माळ निरुपयोगी आहे एवढेच असते तर मी हा लेख लिहिला नसता. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर 2018 मध्ये दात येण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या माळा, कडी आणि तत्सम दागिन्यांविरुद्ध पालकांना इशारा दिला. अठरा महिन्यांचे एक मूल दुपारच्या झोपेत अंबरमाळेने गळा आवळला जाऊन दगावले होते, आणि सात महिन्यांच्या एका बाळाच्या घशात लाकडी कड्याचे मणी अडकले होते. विक्रेते यावर दोन उत्तरे देतात: प्रत्येक मण्यानंतर गाठ मारलेली असल्याने माळ तुटली तरी एकच मणी सुटतो, आणि ओढ बसली तर फासा आपोआप उघडतो. पहिल्या उत्तराबद्दल एवढेच म्हणता येईल की बाळाची श्वासनळी बंद व्हायला एकच मणी पुरतो. दुसऱ्या उत्तराची अडचण अशी की फासा घट्ट असेल तर तो गळ्याशी ताण बसूनही उघडत नाही, आणि सैल असेल तर बाळाच्या हाताने उघडून सगळी माळ तोंडात जाते. या दोन्ही धोक्यांपासून एकाच वेळी वाचवील असा फासा कसा करायचा, हे मला तरी उमगलेले नाही.

माळ उतरवायची ती बाळ जागे आणि खुशीत असताना. आंघोळीनंतर अंग पुसतानाची वेळ चांगली. अशा माळांचा फासा बहुधा मळसूत्री असतो, म्हणजे दोन मणी एकमेकांत फिरवून बसवलेले असतात. मानेवर ताण न देता एका हाताने फाशाच्या दोन्ही बाजूंची दोरी सैल धरावी आणि दुसऱ्या हाताने तो उलटा फिरवावा. उघडत नसेल तर झटापट न करता बोथट टोकाच्या कात्रीने दोन मण्यांमधली गाठ कापावी. माळ गेली तरी चालेल. मग ती उजेडात, पांढऱ्या कापडावर पसरून गाठी आणि मणी जुळतात का ते पाहावे. एखाद्या गाठीपुढे मणी नसेल, तर झोळी, दुपटी, चटई आणि बाळाचे कपडे झटकून तो शोधावा. मणी सापडत नसेल आणि बाळ खोकत असेल, श्वासाला घरघर येत असेल किंवा ते सारखी लाळ गाळून दूध नाकारत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. गळ्यात नको म्हणून माळ मनगटाला किंवा घोट्याला गुंडाळून वर मोजा चढवणे हा काही उपाय नव्हे. मोजा काढणे हा बाळांचा आवडता उद्योग आहे.

हाच न्याय आपल्या घरच्या गोष्टींनाही लावावा लागतो, आणि येथे मला सूनबाईंकडून ऐकून घ्यावे लागले. ‘जर्मनीची माळ चालत नाही, मग हा काळा गोफ कसा चालतो?’ असे तिने विचारले, आणि तिचे म्हणणे बरोबर होते. दृष्टमणी, वेखंडाचा मणी ओवलेला दोरा, ताईत हे सगळे गळ्यातले फासच आहेत. आमच्याकडे त्या दिवशी दोन्ही उतरले. दृष्ट लागू नये म्हणून काजळाची तीट गालाऐवजी तळपायाला लावता येते, याला घरातल्या वडीलधाऱ्यांनीही मान्यता दिली. ज्याने माळ दिली त्याचे मन मोडू नये ही काळजीही रास्त असते. आम्ही बहिणीला सरळ कळवले की माळ सुंदर आहे, ती बाळाची म्हणून जपून ठेवली आहे आणि झोळीत अडकल्यामुळे गळ्यात घालत नाही. ती रागावली तर नाहीच, उलट तिने तिच्या मैत्रिणीलाही सांगितले.

आता बाळाच्या हिरड्यांकडे. बहुतेक बाळांचा पहिला दात 6 ते 10 महिन्यांच्या दरम्यान खालच्या बाजूला मध्यभागी येतो, त्यानंतर वरचे मधले दोन, आणि अडीच-तीन वर्षांपर्यंत दुधाचे वीस दात पूर्ण होतात. कोणाला चौथ्या महिन्यात येतो, कोणाला वर्षाने. त्यात काळजीचे काही नाही. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात सुरू होणारी लाळ मात्र पुष्कळदा दातांची नसते, तर लाळेच्या ग्रंथी कामाला लागल्याची ती खूण असते. दात खरोखर आला आहे का हे पाहायचे असल्यास हात साबणाने धुऊन, बाळाला पडवीत उजेडाकडे तोंड करून मांडीवर घ्यावे आणि खालचा ओठ हलकेच खाली ओढावा. हिरडीची कड फुगीर आणि फिकट दिसते, करंगळी फिरवली तर खरखरीत धार लागते, आणि स्टीलच्या चमच्याने पाणी पाजताना एक दिवस अचानक ‘टक्’ असा आवाज येतो. तो आवाज आमच्या घरी आजही सगळ्यांना बोलावून ऐकवला जातो. कधी हिरडीवर निळसर फुगवटी दिसते. ती दात वर येतानाची असते आणि सहसा आपोआप जाते. ती टोचू नये.

वेदनेवरचा सर्वांत चांगला उपाय म्हणजे आपले बोट. नख कापलेले, स्वच्छ धुतलेले बोट हिरडीवर मिनिट-दोन मिनिटे मध्यम दाबाने मागे-पुढे फिरवले की बाळ स्वतःच ते चावून धरते. दाब हवा असतो म्हणूनच ते दिसेल ती वस्तू चावत सुटते. दुसरा उपाय गारव्याचा. मऊ सुती पंचाचा वीतभर तुकडा उकळून घ्यावा, उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवून पिळावा, एका टोकाला मोठी गाठ मारावी आणि झाकणाच्या डब्यात घालून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावा. बर्फाच्या कप्प्यात ठेवू नये, कारण गोठलेले कापड हिरडीला इजा करते. पावसाळ्यात आमच्याकडे वीज जाते ती कधी दोन दोन दिवस येत नाही. अशा वेळी उकळलेले पाणी माठात गार करून त्यात कापड भिजवले तरी काम भागते. कापड चावताना बाळ आपल्या नजरेसमोर असावे, आणि प्रत्येक वेळी नवीन उकळलेला तुकडा घ्यावा.

चावायची खेळणी घ्यायची तर एकसंध रबराची किंवा सिलिकोनची घ्यावीत. आत पाणी किंवा जेल भरलेली फुटतात. आकाराची एक सोपी चाचणी आहे. सुमारे 3.2 सेंटीमीटर व्यासाच्या नळीतून जाणारी कोणतीही वस्तू तीन वर्षांखालील मुलाच्या तोंडाशी नको. दहा रुपयांचे नाणे 2.7 सेंटीमीटरचे असते. त्याहून अर्धा सेंटीमीटर मोठे वर्तुळ कागदात कापून ठेवले की घरातल्या वस्तू पटापट तपासता येतात. सावंतवाडीची रंगीत लाकडी फळे मला फार प्रिय आहेत, पण ती पाहण्या-खेळण्यासाठी आहेत. चावण्यासाठी रंग न लावलेले, गुळगुळीत, अखंड लाकूड असेल तरच द्यावे. खारीक दोऱ्याला बांधून चघळायला देण्याची पद्धत आपल्याकडे अजून आहे. ती दोन्ही अंगांनी वाईट आहे: दोरा गळ्याशी येतो, आणि मऊ झालेल्या खारकेचा लोळा तुटून घशात जातो. कच्च्या गाजराचेही तसेच. सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाला गार केलेले नाचणीचे सत्त्व किंवा पातळ पेज चमच्याने दिली, तर पोटही भरते आणि हिरडीला बरेही वाटते.

लाळेने हनुवटी आणि मानेच्या घड्या लाल होतात. त्या दिवसातून अनेकदा मऊ कापडाने टिपून घ्याव्यात, चोळू नयेत, आणि वर खोबरेल तेलाचा किंवा पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा. लाळेरे बांधले असेल तर झोपवण्यापूर्वी सोडावे. त्याचीही नाडी गळ्याभोवतीच असते.

रात्रभर बाळ कळवळत असेल, तर पॅरासिटामॉल चालते, पण ते वजनावर ठरते, वयावर किंवा अंदाजावर नव्हे. एका वेळची मात्रा दर किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम. आपल्याकडे थेंबांच्या बाटलीत एका मिलिलिटरला 100 मिलिग्रॅम असते, तर पातळ औषधाच्या बाटल्या पाच मिलिलिटरला 125 किंवा 250 मिलिग्रॅमच्या मिळतात. थेंबांचे औषध चमच्याने पाजले गेले तर मात्रा कित्येक पटींनी वाढते. म्हणून बाळाचे वजन आणि आपल्याजवळची बाटली दोन्ही डॉक्टरांना दाखवून मिलिलिटरमध्ये मात्रा लिहून घ्यावी आणि ती चिठ्ठी बाटलीलाच चिकटवावी. ॲस्पिरिन लहान मुलांना कधीही देऊ नये.

हिरडीला लावायच्या बधिर करणाऱ्या जेलपासून दूर राहावे. बेंझोकेनमुळे रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता धोकादायकरीत्या घटू शकते, म्हणून दोन वर्षांखालील मुलांना ते वापरू नये असे अमेरिकेच्या त्याच प्रशासनाने बजावले आहे. लिडोकेनबद्दलही तसाच इशारा आहे. टाकणखाराची लाही मधातून हिरडीला चोळणे हा आपला जुना उपाय तर दुहेरी घातक आहे. टाकणखार विषारी आहे, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

आता ज्या गोष्टीची मला माळेइतकीच धास्ती वाटते ती. आमच्या वाडीत बाळाला काही झाले की पहिले वाक्य ठरलेले: “दात येतत म्हणान ताप इलो.” दातांमुळे अंग किंचित कोमट लागू शकते, पण 100.4 अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप दातांचा नसतो. सहा महिन्यांनंतर आईकडून मिळालेले संरक्षण ओसरू लागते आणि त्याच वेळी बाळ जमिनीवरचे सारे तोंडात घालू लागते. दात, ताप आणि जुलाब एकत्र दिसतात ते या योगायोगाने. पावसाळ्यात लेप्टो आणि डेंग्यू असलेल्या आपल्या पट्ट्यात तर ताप दातांच्या नावावर ढकलून दोन दिवस घालवणे महागात पडते. ताप असेल, जुलाब होत असतील, बाळ मलूल पडले असेल किंवा दूध घेत नसेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. जुलाब सुरू होताच ओआरएस सुरू करावे, अंगावरचे दूध चालूच ठेवावे, आणि आशाताईंकडून झिंकच्या गोळ्या घ्याव्यात. सहा महिन्यांवरील बाळाला दिवसाला 20 मिलिग्रॅम याप्रमाणे 14 दिवस, जुलाब थांबले तरी. टाळू खोल गेली, रडताना अश्रू येत नाहीत, सहा-सात तासांत लघवी झाली नाही, तर घरी थांबू नये; 108 ला फोन करावा. आमच्यासारख्या घाटीच्या वाटेवरच्या वाड्यांत रुग्णवाहिका यायला वेळ लागतो, म्हणून फोन आधी आणि आवराआवर नंतर.

मणी किंवा दुसरे काही घशात अडकले तर काय करायचे, हे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला येत असले पाहिजे. बाळ जोराने खोकत किंवा रडत असेल तर त्याला खोकू द्यावे. आवाज निघत नसेल, ओठ निळे पडत असतील, तर वर्षाच्या आतल्या बाळाला आपल्या हातावर पालथे घेऊन, डोके छातीपेक्षा खाली ठेवून, दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने पाच थापा माराव्यात. मग उताणे करून छातीच्या मधल्या हाडावर पाच वेळा दाब द्यावा. वस्तू बाहेर येईपर्यंत किंवा बाळ श्वास घेऊ लागेपर्यंत हे आळीपाळीने करावे, आणि दुसऱ्याने तोवर 108 ला फोन लावावा. बाळ निपचित पडले तर लगेच छाती दाबून कृत्रिम श्वास देणे सुरू करावे. वस्तू दिसत नसताना घशात बोट घालू नये. ती आणखी आत जाते.

आमची माळ आता माझ्या कपाटात, कुंकवाच्या जुन्या करंड्यात आहे. नातू तीन वर्षांचा झाला, वीस दात पुरे झाले. गेल्या मार्गशीर्षात तो आला तेव्हा मी माळ आपल्या हातात धरून तिचा एक मणी लोकरीच्या कानटोपीवर खसाखसा घासला आणि अंगणातल्या सुक्या गवताच्या चुऱ्यावर धरला. दोन-तीन काड्या टुणकन उडून मण्याला चिकटल्या. श्रावणातल्या दमट हवेत हे जमत नाही.